जॅझ गिटारवर साथ करायची आहे? तीन सुरांपासून सुरू करा

नागपुरात गिटारवाल्यांची काही कमी नाही. फुटाळ्यावर, अंबाझरीच्या बाजूला, कॉलेजच्या गेटसमोर चार कॉर्डवर हिंदी गाणी म्हणणारे पोट्टे सगळीकडे दिसतात आणि मीही त्यातलाच होतो, जी, डी, ई मायनर, सी, झालं गाणं. जॅझचं नाव काढलं का मात्र सगळे मागं सरकतात, कारण प्रत्येकानं कुठंतरी एक चार्ट पाहिलेला असतो ज्यात शंभर-दोनशे कॉर्डची चित्रं छापलेली असतात आणि वाटतं की हे सगळं पाठ झाल्याशिवाय आपल्याला हात लावता येणार नाही. गेल्या वर्षभरात तीन-चार जणांनी मला विचारलं, दादा जॅझच्या कॉर्ड कुठून सुरू करू, आणि दर वेळी मी तेच ते व्हॉट्सअॅपवर तुकड्या-तुकड्यात लिहून पाठवतो, म्हणून आता एकदाच सगळं नीट लिहून काढतो. सोलो कसा वाजवायचा ते यात नाही. हे फक्त साथीबद्दल आहे.

आधी साथ म्हणजे काय ते

गिटार किंवा पियानोवर कॉर्ड वाजवून दुसऱ्याला साथ देण्याला जॅझमध्ये कॉम्पिंग म्हणतात, अकंपनी या इंग्रजी शब्दाचाच तो तुकडा आहे. आपल्या माणसाला हे समजायला खरं तर सोपं जायला पाहिजे, कारण तबल्याचा सोलो चालू असताना बाजूला हार्मोनियमवर लेहरा धरून बसलेला माणूस आपण पाहिलेला असतो. वसंतराव देशपांडे सभागृहात असा कार्यक्रम असला तर जा आणि एकदा तबल्याकडे न पाहता नुसतं त्या लेहरेवाल्याकडे पाहत बसा. तो आवर्तन धरून ठेवतो, समेवर बरोबर येतो, तबलेवाला कितीही लांब भटकून आला तरी घर कुठं आहे ते त्याला ऐकू येत राहतं. कॉम्पिंगमध्ये पहिलं काम हेच, गाण्याचं आवर्तन दुसऱ्यासाठी धरून ठेवायचं. फरक एवढा की लेहरा तोच तोच फिरतो, आणि इथं तुम्ही दर फेरीला थोडं वेगळं वाजवता, कधी भरता, कधी अख्खा बार (चार मात्रांचा एक तुकडा) सोडून देता, समोरचा काय बोलून राहिला ते ऐकून ठरवता.

मला पहिली दोन वर्षं हे कळलंच नाही. मी कॉर्ड पाठ करत बसलो, घरी एकट्यानं सगळं छान वाजायचं आणि कोणाबरोबर बसलो की चिखल व्हायचा. तुमची दोन वर्षं वाचावी एवढीच इच्छा आहे.

गिटार कोणती पाहिजे

घरात जी आहे ती. अकॉस्टिक असली तरी चालते, सेमी-हॉलो (आतून अर्धी पोकळ इलेक्ट्रिक गिटार) घ्यायला पैसे साठवत बसू नका. इलेक्ट्रिक असेल तर गळ्याकडचा पिकअप लावा, टोनचा नॉब अर्ध्यावर आणा आणि डिस्टॉर्शन बंद करा, एवढ्यावर निम्मा आवाज येतो. फ्लॅटवाउंड (वरून सपाट गुंडाळीच्या) तारा लावल्या तर आवाज अजून गोल होतो आणि बोट सरकतानाचा चिर्र आवाज जातो, मला इथं दुकानात मिळाल्या नाही, ऑनलाइन मागवल्या, पण त्या पहिल्या सहा महिन्यांत लागत नाही.

एक गोष्ट मात्र नागपूरकरांसाठी लिहितोच. मे महिन्यात ४५ च्या वर पारा जातो, अशा उन्हात गिटार गाडीत ठेवून दोन तास कुठं जाऊ नका, डिंक मऊ पडतो आणि ब्रिज उचलला जातो, माझी एक गिटार अशीच गेली आणि दुरुस्त होऊनही ती पहिल्यासारखी कधीच वाजली नाही. आणि कूलरच्या सरळ झोतात गिटार टांगून ठेवू नका. कूलरच्या हवेत पाणी असतं, लाकूड फुगतं, तारा वर येतात, चार दिवसात गंज दिसतो. वाजवून झालं का कोरड्या फडक्यानं तारा पुसा आणि केसमध्ये घाला.

तीन सूर, बाकीचे नंतर

आता मुद्द्याचं. तुम्हाला सुरुवातीला फक्त तीन प्रकारच्या कॉर्ड लागतात: मेजर ७, नुसता ७ (याला डॉमिनंट म्हणतात) आणि मायनर ७. सरगम येत असेल तर हे दोन मिनिटांत डोक्यात बसतं. कॉर्डच्या मूळ सुराला सा धरा. मेजर ७ म्हणजे सा, शुद्ध ग, शुद्ध नी. नुसता ७ म्हणजे सा, शुद्ध ग, कोमल नी. मायनर ७ म्हणजे सा, कोमल ग, कोमल नी. बस. पंचम सोडून द्यायचा, कारण या तिन्ही कॉर्डमध्ये तो एकच असतो, तो वाजवून कॉर्ड कोणती ते काहीच कळत नाही. कॉर्डचा चेहरा ग आणि नी या दोन सुरांतच असतो. अशा तीन सुरांच्या कॉर्डला शेल व्हॉइसिंग म्हणतात.

आकडे असे वाचा: डावीकडून जाड सहावी तार, उजवीकडं बारीक पहिली तार, आकडा म्हणजे फ्रेट आणि × म्हणजे ती तार वाजू द्यायची नाही.

डी मायनर ७: × ५ ३ ५ × ×
जी ७: ३ × ३ ४ × ×
सी मेजर ७: × ३ २ ४ × ×

या तीन कॉर्ड याच क्रमानं जॅझमध्ये इतक्या वेळा येतात की याला वेगळं नावच आहे, टू-फाइव्ह-वन, म्हणजे सी च्या सप्तकातल्या दुसऱ्या, पाचव्या आणि पहिल्या सुरावरच्या कॉर्ड. जुनी कुठलीही जॅझची गाणी उघडा, पानभर हेच वेगवेगळ्या पट्टीत दिसतं.

आता गिटार हातात घ्या आणि हे हळू करा, कारण सगळा खजिना इथंच आहे. डी मायनर ७ धरा: मधलं बोट पाचव्या तारेवर ५व्या फ्रेटला, पहिलं बोट चौथ्या तारेवर ३ऱ्याला, अनामिका तिसऱ्या तारेवर ५व्याला. वाजवा. आता जी ७ वर जाताना पहिलं बोट उचलूच नका. ते जिथं आहे तिथंच राहतं. मधलं बोट सहाव्या तारेच्या ३ऱ्या फ्रेटवर जातं आणि अनामिका त्याच तारेवर एक फ्रेट मागं सरकते, ५ वरून ४ वर. वाजवा. आता सी मेजर ७ वर जाताना अनामिका उचलू नका, ती आता थांबलेली आहे, या वेळी पहिलं बोट एक फ्रेट मागं येतं, ३ वरून २ वर, आणि मधलं बोट त्याच फ्रेटवर राहून सहाव्या तारेवरून पाचव्या तारेवर येतं.

काय झालं पाहिलं? आतल्या दोन सुरांपैकी दर वेळी एक थांबला आणि एक फक्त अर्ध्या सुरानं खाली उतरला. पहिल्या कॉर्डचा नी उतरून दुसऱ्या कॉर्डचा ग झाला, आणि दुसऱ्याचा नी उतरून तिसऱ्याचा ग झाला. मला हे ज्या दिवशी बोटांतून समजलं त्या दिवशी मी अर्धा तास तेवढंच वाजवत बसलो होतो, आई आतून विचारून राहिली होती की टेप अडकला काय. मोठ्या सहा तारांच्या कॉर्ड घेऊन गळ्यावर वरखाली उड्या मारल्या की हे सूर ऐकू येत नाहीत, सगळं ढकललं जातं. इथं दोन गवई शेजारी बसून हळूच सूर बदलून राहिले असं वाटतं.

दोन अडचणी नक्की येतील. जी ७ मध्ये पाचवी तार मधेच वाजते, तर मधल्या बोटाचं टोक थोडं पुढं झुकवा म्हणजे ते पाचव्या तारेला नुसतं टेकून तिला गप करतं, दाबायचं नाही, टेकायचं. आणि बारीक दोन तारा वाजतात, त्यासाठी पहिल्या बोटाचा पोटाकडचा भाग सैल ठेवा, तो त्यांच्यावर आपोआप पडतो. आठवडाभर घाण आवाज येईल, येऊ द्या.

हे तीन आकार जमले की प्रत्येक प्रकार दोन्ही जाड तारांवरून शिका. सहाव्या तारेवर सा असेल तर मेजर ७ म्हणजे ३ × ४ ४ × ×, नुसता ७ म्हणजे ३ × ३ ४ × ×, मायनर ७ म्हणजे ३ × ३ ३ × × (हे तिन्ही जी चे झाले). पाचव्या तारेवर सा असेल तर सी मेजर ७ × ३ २ ४ × ×, सी ७ × ३ २ ३ × ×, सी मायनर ७ × ३ १ ३ × ×. सहा आकार झाले. हेच गळ्यावर सरकवले की बाराही पट्ट्यांतल्या कॉर्ड तयार. त्यासाठी जाड दोन तारांवरचे सूर मात्र पाठ पाहिजेत, त्याला पळवाट नाही: सहाव्या तारेवर १ला फ्रेट एफ, ३रा जी, ५वा ए, ७वा बी, ८वा सी, १०वा डी. पाचव्या तारेवर २रा बी, ३रा सी, ५वा डी, ७वा ई, ८वा एफ, १०वा जी. शार्प-फ्लॅट यांच्या मधले. मी हे बसमध्ये बसून मनातल्या मनात म्हणायचो.

उजवा हात, म्हणजे खरं काम

कॉर्ड आठवड्या-दोन आठवड्यात येतात. लय यायला जास्त दिवस लागतात आणि तिथंच लोकं कंटाळून सोडतात, म्हणून इथं थोडं बसू.

पहिली अडचण आपल्या सवयीची आहे. आपला हात समेवर पडतो, एक वर. जॅझमध्ये चार मात्रांच्या बारमध्ये टाळी दोन वर आणि चार वर असते. मेट्रोनोम ५० वर लावा आणि प्रत्येक ठोका म्हणजे एक नाही, दोन आणि चार आहे असं समजून मोजा: एक-टिक-तीन-टिक. पहिले चार-पाच दिवस दर अर्ध्या मिनिटाला तुमचा टिक घसरून एक वर जाऊन बसेल. तेव्हा थांबा, परत मोजा, परत सुरू करा. गिटार न घेता नुसतं चालतानाही करता येतं.

दुसरं स्विंग. एका मात्रेचे तीन समान तुकडे करा, तिगुनीसारखे, मग पहिला आणि तिसरा तुकडा वाजवा आणि मधला गिळा. तो लटका येतो त्याला स्विंग म्हणतात. लय वाढली की हा लटका आपोआप सपाट होत जातो, जबरदस्तीनं उड्या मारू नका. आपल्या कानाला हे परकं वाटायचं कारण नाही. नागपुरात शंकरराव सप्र्यांकडं शिकलेले सी. रामचंद्र पुढं मुंबईत गेले आणि चिक चॉकलेट यांच्यासारख्या गोव्याच्या ट्रम्पेटवाल्यांना बरोबर घेऊन त्यांनी हिंदी सिनेमात स्विंग आणला, आपल्या आजोबा-आजींनी त्यावर मान हलवलेली आहे.

आता वाजवायच्या तीन पद्धती, याच क्रमानं.

पहिली, चारही मात्रांवर एकेक स्ट्रोक. याचा बादशहा फ्रेडी ग्रीन. काउंट बेसीच्या ऑर्केस्ट्रात १९३७ साली आला आणि १९८७ साली वारला तोपर्यंत तिथंच वाजवत होता, पन्नास वर्षं, आणि जवळपास सगळं अकॉस्टिक गिटारवर, अॅम्प्लिफायरशिवाय, सोलो जवळजवळ नाहीच. ऐकताना गिटार वेगळी ऐकूच येत नाही, पण ती ड्रमच्या आतून सगळ्या बँडला ढकलते. करायचं असं: खाली-खाली-खाली-खाली, प्रत्येक स्ट्रोकनंतर लगेच डाव्या हाताची बोटं तारेवरून न उचलता दाब सोडायचा, म्हणजे सूर छोटा होतो. दोन आणि चार जरासे टोकदार. आवाज कमी. इतका कमी की तुमचा पाय जमिनीवर पडताना ऐकू आला पाहिजे.

दुसरी, चार्ल्सटन. बारमध्ये फक्त दोन स्ट्रोक, एक बरोबर पहिल्या मात्रेवर आणि दुसरा दोन आणि तीनच्या मध्ये, म्हणजे "एक, दोन-आणि, तीन, चार" मोजलं तर "एक" वर आणि "आणि" वर. बाकी सगळं रिकामं. हे जमलं की तोच नमुना एकेक मात्रा पुढं सरकवा, आधी दोन वरून सुरू करा, मग तीन वरून, मग चार वरून. एका नमुन्यातून चार होतात.

तिसरी, आधी येणं. पुढच्या बारची कॉर्ड त्याच्या पहिल्या मात्रेवर न वाजवता आधीच्या बारच्या शेवटच्या "आणि" वर वाजवायची आणि धरून ठेवायची. समेच्या जरा आधी येऊन समेची चाहूल द्यायची, तसंच काहीसं. हे सुरुवातीला प्रत्येक बारला करू नका, चार बारमधून एकदा पुरे.

क्लॅरिनेटवाले काका

इथं मला एक गोष्ट सांगायचीच आहे. आमच्या महाल भागातल्या घराजवळ लग्नाच्या बँडपथकात क्लॅरिनेट वाजवणारे एक काका राहतात. चातुर्मासात लग्नं नसतात, काम नसतं, तेव्हा संध्याकाळी ते गच्चीवर येऊन बसायचे आणि मी गिटार घेऊन जायचो. त्यांना जॅझ वगैरे माहीत नव्हतं, पण कान असा की मी एफ मधला ब्लूज (१२ बारचं फिरतं आवर्तन, खाली सांगतो) दोनदा वाजवला आणि तिसऱ्या फेरीत ते आपलं काहीतरी वाजवू लागले आणि ते बरोबर बसत होतं. मी खूश होऊन सगळं काढलं, सहा तारांच्या कॉर्ड, स्ट्रमिंग, मधे मधे माझे स्वतःचे तुकडे. पाच मिनिटांत त्यांनी क्लॅरिनेट मांडीवर ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "बेटा, थोडा थांबत जा ना. तू थांबला का मले जागा भेटते."

दुसऱ्या दिवशी मी ठरवून फक्त तीन सूर आणि बारमध्ये दोनच स्ट्रोक वाजवले. काका जिथं श्वास घ्यायचे तिथं एक कॉर्ड टाकायची आणि ते बोलून राहिले का आपण गप. त्या संध्याकाळी त्यांनी चाळीस मिनिटं वाजवलं. खाली रस्त्यावर दोन जण गाडी बंद करून थांबले होते. मी तेव्हा जेवढं शिकलो तेवढं कुठल्या व्हिडिओतून शिकलो नाही.

म्हणून हा सराव करा: कोणाचीही गाण्याची नाहीतर बासरीची रेकॉर्डिंग लावा आणि गिटारवर एकच कॉर्ड हातात ठेवून फक्त त्यांच्या श्वासाच्या जागी ती वाजवा. जॅझ असलंच पाहिजे असं नाही, सूर जुळला नाही तरी तार दाबून ठेवून नुसता टक् आवाज काढा. जागा ओळखायचा सराव आहे हा.

पहिलं पूर्ण आवर्तन: एफ मधला ब्लूज

ब्लूज म्हणजे १२ बारचं आवर्तन, ४८ मात्रा, आणि ते फिरत राहतं. एफ म्हणजे आपली पांढरी चार. जॅझवाले एफ आणि बी फ्लॅट (काळी पाच) या पट्ट्या फार वापरतात कारण ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन यांच्या बोटांना त्या सोयीच्या पडतात, गिटारवाल्याला ई आणि ए आवडतात पण इथं आपण पाहुणे आहोत. सगळं सहाव्या ते अकराव्या फ्रेटच्या मधेच होतं, पाहा:

एफ ७: × ८ ७ ८ × ×
बी फ्लॅट ७: ६ × ६ ७ × ×
डी ७: १० × १० ११ × ×
जी मायनर ७: × १० ८ १० × ×
सी ७: ८ × ८ ९ × ×

आणि बार असे:

एफ ७ | बी फ्लॅट ७ | एफ ७ | एफ ७
बी फ्लॅट ७ | बी फ्लॅट ७ | एफ ७ | डी ७
जी मायनर ७ | सी ७ | एफ ७ | सी ७

एफ ७ वरून बी फ्लॅट ७ वर जाताना आतले दोन्ही सूर एकेक फ्रेट खाली येतात, एवढंच. तिसऱ्या ओळीकडं येताना डी ७ पासून परत एफ ७ पर्यंत आतले सूर पायरी-पायरीनं उतरत जातात, तिथं कान लावा, सगळ्या आवर्तनातला सगळ्यात गोड भाग तोच आहे.

सराव असा करा. आठवडाभर फक्त चार मात्रांवर चार स्ट्रोक, मेट्रोनोम ५० वर दोन-चारचा, म्हणजे लय १०० झाली. एका बैठकीत दहा आवर्तनं न थांबता. चूक झाली तरी थांबायचं नाही, पुढच्या बारला पकडायचं, कारण साथीदार थांबला की गाणारा पडतो. दुसऱ्या आठवड्यात चार्ल्सटन. तिसऱ्या आठवड्यात एक आवर्तन वाजवा आणि पुढचं आवर्तन पूर्ण गप राहून मनात मोजा, मग बरोबर तेराव्या बारच्या एक वर परत या. हे फार अवघड जातं आणि फार कामाचं आहे. सगळं फोनवर रेकॉर्ड करा आणि त्याच दिवशी ऐकू नका, दुसऱ्या दिवशी ऐका, तेव्हा कुठं पळालो ते स्पष्ट कळतं. दिवसाला वीस-पंचवीस मिनिटं पुरेत पण रोज पाहिजेत.

आयरियल प्रो म्हणून एक अॅप आहे, त्यात बेस आणि ड्रम चालू ठेवून पियानो बंद करता येतो. एकटे असाल तर ते घ्या.

वरचा एक सूर, आणि खालचा काढून टाकणं

महिना-दीड महिन्यानंतर दुसऱ्या तारेवर एक सूर वाढवा. तेच टू-फाइव्ह-वन आता असं:

डी मायनर ९: × ५ ३ ५ ५ ×
जी १३: ३ × ३ ४ ५ ×
सी मेजर ९: × ३ २ ४ ३ ×

नावं मोठी आहेत, काम छोटं आहे. वरचा सूर पहिल्या दोन कॉर्डमध्ये ई वर थांबतो आणि तिसऱ्यात डी वर उतरतो. ऐकणाऱ्याच्या कानाला हा सगळ्यात वरचा सूर पहिले पडतो, म्हणून तो एखाद्या चालीसारखा चालला पाहिजे, इकडून तिकडं उडी मारणारा नको. बोटं अडकली तर सध्या सोडून द्या, घाई नाही.

उलट दुसरं काम लवकर करा: बरोबर बेस वाजवणारा असेल तर जाड तारेवरचा सा काढून टाका. तो सूर त्याचा आहे. तुम्ही फक्त चौथी आणि तिसरी तार वाजवा, दोन सूर, ग आणि नी. पहिल्यांदा फार उघडं वाटतं, काहीतरी चोरून वाजवून राहिलो असं वाटतं, पण बेससोबत ऐकलं की पूर्ण कॉर्ड ऐकू येते. यातून एक गंमत पण निघते. जी ७ चे ते दोन सूर, एफ आणि बी, हेच डी फ्लॅट ७ चेही ग आणि नी आहेत, जागा फक्त अदलाबदल. म्हणून × ४ ३ ४ × × वाजवून पाहा जी ७ च्या जागी, खालून डी, डी फ्लॅट, सी असा सूर सरकत येतो आणि वरती काहीच हललेलं नसतं. याला ट्रायटोन सब्स्टिट्यूशन म्हणतात. एवढं लक्षात ठेवा की हे करताना बेसवाल्याला आधी सांगितलेलं बरं.

काय ऐकायचं

फ्रेडी ग्रीनसाठी काउंट बेसीचं काहीही. मग ज्युली लंडन या गायिकेच्या १९५५ च्या रेकॉर्डिंग्ज, ज्यात मागं फक्त बार्नी केसलची गिटार आणि एक बेस आहे, ड्रम नाही, पियानो नाही, गळ्याला गिटारनं साथ कशी करायची याची याहून स्वच्छ शाळा मला माहीत नाही. गायिका एला फिट्झजेराल्ड आणि गिटारवाला जो पास १९७३ पासून दोघंच गायचे-वाजवायचे, तेही. आणि बिल एव्हान्सच्या पियानोबरोबर जिम हॉलनं १९६२ साली केलेलं वादन, तिथं गिटार पियानोच्या सोलोला साथ करते आणि मग पियानो गिटारला, दोघं एकमेकांच्या वाटेत एकदाही येत नाहीत. ऐकताना सोलो ऐकू नका. मागचा माणूस ऐका, आणि तो कधी गप बसला ते मोजा.

पहिल्यांदा लोकांबरोबर बसाल तेव्हा

तीन महिन्यांत ब्लूज न अडखळता वाजत असेल तर माणसं शोधा. जॅझवालेच पाहिजे असं नाही, चर्चच्या क्वायरमधला पियानोवाला, ऑर्केस्ट्रातला सॅक्सोफोनवाला, बासरी शिकणारी मैत्रीण, ज्याचा कान उघडा आहे असं कोणीही. लय सुरू करणाऱ्याला आधी विचारा किती, आणि त्यानं मोजल्याशिवाय सुरू करू नका. पियानो असेल तर दोघांनी एकाच वेळी साथ करायची नाही, कॉर्ड एकमेकांवर आदळतात, सोलोगणिक पाळी लावून घ्या. बेसचा सोलो आला की जवळजवळ गप व्हा, बारमधून एखादा सूर, तोही हलका. ड्रमवाल्याबरोबर चार-चार बारची अदलाबदल होते, आपल्या सवाल-जवाबासारखी, तेव्हा त्याच्या चार बारमध्ये हात तारेवरून काढा पण मोजणं सोडू नका, तो कितीही वेडंवाकडं वाजवो, तुमच्या डोक्यात १२ बार चालूच असले पाहिजेत कारण परत एकावर सगळ्यांना तुमच्याच कॉर्डवर उतरायचं असतं.

आणि शेवट आधी ठरवून घ्या, नाहीतर सगळे एकमेकांची तोंडं पाहत फेऱ्या मारत राहतात. सगळ्यात सोपा शेवट आपल्याला आधीपासून येतो, तो म्हणजे तिहाई. शेवटच्या आवर्तनात शेवटचे चार बार तीनदा वाजवायचे, पहिल्या दोन वेळा एफ ७ वर न थांबता डी ७ कडं वळून परत जी मायनर ७ ला जायचं, आणि तिसऱ्यांदा एफ वर यायचं. डोळ्यांनी किंवा मान हलवून एक, दोन, तीन दाखवा. शेवटची एफ ७ जोरात हाणू नका, वरून खाली हळू पिक ओढा आणि वाजवणाऱ्याचा सूर संपेपर्यंत बोटं तशीच दाबून ठेवा.